जखमेचा जबाब

प्रतापगडाचा डोंगर गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, अर्जुनी-मोरगाव तालुक्यात आहे. किल्ल्याचे अवशेष, महादेवाचे ठाणे आणि ख्वाजा उस्मान गरून हारूनी यांचा दर्गा, असे सगळे एकाच डोंगराच्या आधाराने नांदते. महाशिवरात्रीला झाडीपट्टीतली गावेच्या गावे इथे लोटतात. या भागातल्या रानात साग, मोह, तेंदू यांच्या संगतीने बिब्ब्याचे झाड उभे असते. झाड काजूच्या कुळातले. वर पिवळसर-नारिंगी गर, खाली काळे बी. आतली गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात जाते, पण कवचातले तेल अंगाला लागले तर कातडी उतते, खाज सुटते, फोड येतात आणि काळा डाग पडतो. परीट याच तेलाने कपड्यांवर धुऊन न जाणारी खूण करत, म्हणून इंग्रजांनी त्याला ‘मार्किंग नट’ असे नाव दिले. तळपायात काटा मोडला की बिब्ब्याचा चटका देणारी जुनी माणसे विदर्भात अजून भेटतात.

या घरगुती औषधाला हिंदुस्थानच्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत स्वतंत्र जागा मिळाली. त्याचे कारण औषधी गुण नव्हते. बिब्ब्याच्या तेलाने अंगावर माराचा खोटा वळ उठवता येतो, हे ते कारण.

खोटा वळ कोणाला लागतो, हे समजायला आधी कायद्याकडे पाहावे लागते. भारतीय दंड संहिता १८६० मध्ये झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिने दुखापतीचे दोन भाग पाडले, साधी आणि जबर. हाड मोडले, दात पडला, डोळा गेला, वीस दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा तेवढे दिवस रोजचे काम करता आले नाही, तर ती जबर दुखापत. शिक्षा त्यावर ठरू लागली, आणि दुखापत कोणत्या भागात मोडते ते सांगायचे डॉक्टरने. बांधाच्या, पाटाच्या पाण्याच्या, शेतात घुसलेल्या गुरांच्या भांडणात आजवर पाटील आणि पंच तोडगा काढत. आता पोलिसांची यादी घेऊन दवाखान्यात जायचे आणि दुखापतीचे प्रमाणपत्र आणायचे, असा रिवाज पडला. अंगावर खूण नसेल तर फिर्याद लंगडी. मग कुणी मांडीवर, दंडावर बिब्बा लावे, कुणी रुईचा चीक, कुणी चित्रकाची मुळी. शेजाऱ्याला तुरुंगात धाडण्यासाठी स्वतःचे अंग जाळून घेणारा माणूस दुष्ट होता की हतबल, हे प्रत्येक प्रकरणात वेगळे निघे. पण त्याला परक्या भाषेत चालणाऱ्या कोर्टात स्वतःच्या शब्दाला किंमत नाही आणि कातडीवरच्या डागाला आहे, एवढे पक्के कळले होते.

डॉक्टरनेही हा डाग ओळखायला शिकणे भाग होते. खऱ्या मुक्या मारात कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त आत पसरते. म्हणून खरा वळ आधी लालसर, मग निळा-काळा, चार-पाच दिवसांत तपकिरी-हिरवट, आठवड्याने पिवळा होतो आणि साधारण दोन आठवड्यांत मावळतो. त्याच्या कडा विरत गेलेल्या असतात. बिब्ब्याचा डाग असे रंग बदलत नाही. तो गडद, रेखीव कडांचा असतो. त्यावर आणि त्याच्या भोवती बारीक फोड असतात, फोडांत दाहक पाणी असते, आणि दुखण्यापेक्षा खाजच जास्त असते. खाजवताना तेल नखांत जाते आणि बोटांच्या टोकांनाही फोड येतात. डाग बहुधा स्वतःचा हात सहज पोचेल तिथेच सापडतो. फोडातले पाणी रासायनिक तपासणीला धाडले की बिब्बा उघडा पडतो.

हे ज्ञान एका दिवसात गोळा झाले नाही. नॉर्मन शेव्हर्स या कलकत्त्याच्या डॉक्टरने १८५६ मध्ये बंगाल आणि वायव्य प्रांतांसाठी न्यायवैद्यकाचे पुस्तक काढले. मुंबईत १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आयझिडोर लायन हा विषय शिकवत. ते मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषकही होते, त्यामुळे इलाख्याच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या बाटल्या आणि पुड्या त्यांच्या टेबलावर उघडत. त्यांचे पुस्तक १८८० च्या दशकात आले. पुढे १९२० मध्ये आग्रा-लखनौकडे शिकवणाऱ्या जयसिंग मोदींचे पाठ्यपुस्तक निघाले आणि त्याने सर्वांना मागे टाकले. देशातल्या किती पिढ्यांचे डॉक्टर आणि वकील ‘मोदी’ उघडूनच साक्षीला उभे राहिले! आजही कोर्टात ‘मोदी काय म्हणतो’ असे विचारले जाते.

या पुस्तकांनी स्वतः करून घेतलेल्या शस्त्राच्या जखमांचीही लक्षणे जुळवून दिली. उजव्या हाताच्या माणसाने करून घेतलेल्या चिरा बहुतेक डाव्या अंगाला, पुढच्या बाजूला, हात पोचेल तिथे असतात. त्या उथळ, एकमेकींना समांतर आणि संख्येने बऱ्याच असतात. डोळा, ओठ, नाक, कान, म्हणजे जिथे खरे नुकसान होईल ते अवयव त्या टाळतात. अंगावर वार आणि सदरा शाबूत, किंवा सदऱ्याचा छेद एकीकडे आणि जखम दुसरीकडे, असेही दिसते. खऱ्या हल्ल्यात माणूस वार अडवायला हात पुढे करतो, म्हणून तळहातावर आणि कोपराखालच्या हातावर बचावाच्या जखमा होतात. बनावात त्या नसतात. अशा जखमा फक्त शेजाऱ्याचे वैरीच करत नसत. चोरांना सामील झालेला पहारेकरी आपण झुंजलो हे दाखवायला, आणि खून करून बसलेला माणूस आपण केवळ बचाव केला हे भासवायलाही त्या करून घेत असे. अशा वेळी कातडी वाचणाऱ्या डॉक्टरमुळे निरपराध माणूस सुटला आहे, हे या विद्येचे ऋण मानलेच पाहिजे.

लक्षणे मांडताना ही पुस्तके आणखी एक गोष्ट शिकवत होती. या देशातला माणूस मुळातच खोटे बोलतो, म्हणून त्याच्या तोंडावर नव्हे, त्याच्या अंगावर विश्वास ठेवा, अशी वसाहतीच्या न्यायवैद्यकाची बैठक होती. शेव्हर्सचे पुस्तक तर इथल्या लोकांच्या स्वभावावरून इथले गुन्हे समजावून सांगण्यासाठीच लिहिलेले. बिब्ब्याची लक्षणे तपासून पाहता येत होती, इथला माणूस मुळातच खोटा हा समज मात्र कोणी तपासला नव्हता. दोन्ही एकाच जिल्दीत बांधून विद्यार्थ्याच्या हाती पडले. पहिल्या महायुद्धात तो समज एकदा तपासला गेला, आणि तो तपासणारा अधिकारी हिंदी माणसांचा फारसा मित्र नव्हता.

सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस हिंदी फौजेच्या लाहोर आणि मेरठ डिव्हिजन फ्रान्समध्ये मार्सेयला उतरू लागल्या. पंजाबी, गढवाली, गुरखे, पठाण आणि त्यांच्याबरोबर मराठेही. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्स पलटणीतल्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्यांत मराठे होते. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव्ह शापेल गावावरच्या हल्ल्यात ४७ व्या शीख पलटणीबरोबर या दोन कंपन्या घुसल्या आणि जवळजवळ कापल्या गेल्या. सैनिक चिखलाच्या खंदकांत होते, अंगावर उष्ण प्रदेशातले कपडे होते, आणि समोरच्या तोफांसारख्या तोफा त्यांनी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या.

पहिल्या पंधरवड्यातच इस्पितळांतून चिंतेचे अहवाल येऊ लागले. दाखल झालेल्या हिंदी जखमींत अर्ध्याहून अधिकांच्या जखमा हाताच्या होत्या. हाताला गोळी, तीही पुष्कळदा डाव्या हाताला, याचा अर्थ अधिकाऱ्यांनी ताबडतोब लावला: शिपाई स्वतःच्या हातावर गोळी झाडून घेतात किंवा मुद्दाम हात खंदकाबाहेर धरतात. उजव्या हाताचा माणूस डाव्या हातावरच झाडणार, हे पाठ्यपुस्तकातले लक्षण इथे हजारो माणसांच्या माथी बसले. स्वतःला जखमी करणारे सैनिक प्रत्येक सैन्यात होते. ब्रिटिश लष्करात त्या युद्धात ३,८९४ जणांवर हा गुन्हा शाबीत झाला. अगदी जवळून झाडलेली गोळी कातडी भाजते आणि दारूचे काळे कण मांसात रुतवते, यावरून डॉक्टर ती ओळखत. पण ब्रिटिश शिपायाबाबत तो एका माणसाचा गुन्हा होता, आणि हिंदी शिपायाबाबत जातीचा स्वभाव.

इंग्लंडात ब्रायटनला एल्म ग्रोव्हवरच्या जुन्या गरीबगृहात किचनर इंडियन हॉस्पिटल उघडले होते. त्याचा प्रमुख इंडियन मेडिकल सर्व्हिसचा कर्नल ब्रूस सेटन. शिस्तीला इतका कडवा की जखमी शिपायांना आणि हिंदी कर्मचाऱ्यांनाही बाहेर फिरायची जवळजवळ बंदी, भोवती पहारा. या कोंडमाऱ्याला विटून गोडबोले नावाच्या मराठी सब-असिस्टंट सर्जनने १९१५ मध्ये सेटनवर गोळी झाडण्याचा प्रयत्न केला आणि सात वर्षांची सक्तमजुरी भोगायला गेला. या गोडबोल्यांविषयी मराठीत कोणी लिहिले पाहिजे असे मला फार वाटते. एक डॉक्टर समुद्रापार जातो, जखमा बांधतो, आणि ज्यांच्या जखमा बांधतो त्यांच्याबरोबरच कैद्यासारखा राखला जातो.

अशा या सेटनने १९१५ मध्ये एक गोपनीय अहवाल लिहिला. विषय होता लढाईत झालेल्या एक हजार जखमांचे विश्लेषण, आणि विशेष रोख होता शिपाई जखमा स्वतः करून घेतात या तर्कावर. त्याने आपल्या इस्पितळातल्या जखमा मोजल्या. कोणता हात, कोणता अवयव, गोळी की तोफगोळ्याचा तुकडा, आणि दारूने भाजल्याच्या खुणा आहेत का, हे पाहिले. निष्कर्ष असा निघाला की सरसकट आत्मकृत जखमांच्या तर्काला पुरावा सापडत नाही.

कारण शोधायला फार लांब जावे लागत नव्हते. खंदकात माणसाचे धड मातीआड असते. बंदूक रोखताना कठड्यावर राहते ते डोके आणि नळीखाली पुढे धरलेला डावा हात. डोक्याला गोळी लागलेला बहुधा इस्पितळात पोचतच नाही. जो पोचतो तो हाताला लागलेला. म्हणजे इस्पितळाची यादी म्हणजे लढाईची यादी नव्हे, ती जिवंत राहिलेल्यांची यादी आहे. पहिल्या आठवड्यांत काही शिपायांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली असेलही. काहींवर लष्करी खटले चालले. पण एक डाग बिब्ब्याचा निघाला म्हणून गावातले सगळे वळ बिब्ब्याचे ठरत नाहीत. सेटनने सहानुभूतीने नव्हे, मोजून हे सिद्ध केले. माझ्या मते म्हणूनच त्याचे काम मोलाचे. ज्याला माणसे आवडत नव्हती त्यानेही जखमांना आधी बोलू दिले.

अहवाल गोपनीय राहिला. हिंदी शिपायाचा डाव्या हाताचा किस्सा मात्र क्लबांतून आणि आठवणींतून वर्षानुवर्षे फिरत राहिला.

पुढचे प्रकरण प्रतापगडाच्या जवळचे आहे. अर्जुनीहून गोंदिया-बल्लारशा मार्गाने दक्षिणेला निघाले की थोड्याच वेळात वडसा स्टेशन येते. गावाचे नाव देसाईगंज. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे, १९७२ मध्ये चंद्रपुरात होते. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यात एका पोरक्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी केलेल्या अत्याचाराचा हा खटला, देशाला ‘मथुरा प्रकरण’ म्हणून माहीत झालेला. दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या सुमाराला तिची वैद्यकीय तपासणी झाली. वय चौदा ते सोळा. अंगावर जखम नाही. कौमार्यपटल पूर्वीच फाटलेले. दोन बोटे सहज जातात.

इथे बिब्बा नव्हता, उथळ चिरा नव्हत्या, बनावाचा संशय घ्यावा असे अंगावर काहीच नव्हते. आणि अंगावर काही नसणे हेच तिच्याविरुद्ध गेले. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये तिला खोटी ठरवले आणि आरोपींना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये तो निकाल फिरवला: ठाण्यात, अनोळखी पोलिसांपुढे भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आरोपींना निर्दोष ठरवले. अंगावर खुणा नाहीत, म्हणजे प्रतिकार झाला नाही, म्हणजे ती ओरडल्याची हकीकत खोटी, म्हणजे संमती होती, अशी ती साखळी.

एकीकडे शंभर वर्षे डॉक्टरांना शिकवले गेले की खूण असेल तर ती बनावट आहे का पाहा. दुसरीकडे खूण नसेल तर फिर्यादच बनावट माना. आदिवासी मुलीला, कुणब्याला, शिपायाला या दोन दारांतून बाहेर पडायला वाटच उरत नव्हती. मला या प्रकरणात न्यायमूर्तींइतकाच राग त्या तपासणीच्या पद्धतीचा येतो. अत्याचाराच्या जखमा न सापडण्याची कारणे प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहेत किंवा असायला हवी होती. माणूस भीतीने थिजतो. धमकी असते, दोन जणांपुढे प्रतिकार शक्यच नसतो. तपासणीलाच वीस तास उशीर होतो. त्या कागदावर यातले काहीच नव्हते. दोन बोटांची नोंद मात्र होती, जिचा २६ मार्चच्या रात्रीशी काडीचा संबंध नव्हता.

१६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. मोर्चे निघाले, स्त्रियांच्या संघटना उभ्या राहिल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारासाठी स्वतंत्र कलमे आली. अशा प्रकरणात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे पुरावा कायद्यात घातले गेले. पण तपासणीच्या खोलीत काय चालते ते बदलायला आणखी तीन दशके लागली. त्या बदलाचा एक मोठा धागा पुन्हा विदर्भातूनच निघाला.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यकाचे डॉक्टर इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये लैंगिक अत्याचाराच्या वैद्यकीय तपासण्यांचा दर्जा किती भयानक आहे, यावर अहवाल लिहिला. त्याच्या आधारे नागपूर खंडपीठात जनहित याचिका उभी राहिली. कुठे डॉक्टर छापील नमुन्याविना लिहीत, कुठे जखम कशाने झाली यावर एक शब्द नसे, आणि दोन बोटांची चाचणी सर्रास होई. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी स्त्रीच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग करणारी असल्याचे सांगितले. त्याच वर्षी कायद्यात स्पष्ट झाले की स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती ठरत नाही. मार्च २०१४ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने तपासणीची मार्गदर्शक सूत्रे आणि नमुना काढला. तरीही चाचणी थांबली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की ही चाचणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी मानला जाईल.

आत्मकृत जखम ओळखण्याची विद्याही याच काळात नव्या कामाला लागली. मनगटावरच्या उथळ, समांतर, बिचकत केलेल्या चिरा पूर्वी डॉक्टरला सांगत की हा हल्ला नव्हे. आता त्या आणखी एक गोष्ट सांगतात: हा माणूस मरणाच्या काठावर येऊन गेला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले आणि त्याची काळजी घेणे सरकारचे कर्तव्य ठरवले. डॉक्टर पाहतो ती लक्षणे तीच आहेत. बदलला तो त्यांच्यावरून करायचा उपाय. कोठडीतल्या छळाच्या तपासणीसाठी १९९९ च्या इस्तंबूल नियमावलीने डॉक्टरला पायऱ्या घालून दिल्या. सांगितलेल्या हकीकतीशी जखम विसंगत आहे, सुसंगत आहे, अत्यंत सुसंगत आहे, नमुनेदार आहे, की दुसऱ्या कशानेही न होणारी आहे. जखमी माणूस खरा की खोटा, असा रकाना त्यात नाही.

दंड संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली आणि जबर दुखापतीचे वीस दिवस पंधरा झाले. पोलिसांची यादी घेऊन बांधाच्या भांडणातली माणसे दवाखान्यात येतच राहतील. त्यांच्यातल्या कुणाच्या दंडावर बिब्बाही असेल, आणि तो ओळखता आलाच पाहिजे. अत्याचाराच्या तपासणीत मात्र २०१४ च्या सूत्रांनी डॉक्टरवर एक जास्तीची जबाबदारी टाकली आहे. जखम सापडली नाही तर तेवढेच लिहून थांबायचे नाही. ती का सापडली नसावी, हेही आपल्या मतात नोंदवायचे. तपासणीला झालेला उशीर, धमकी, बेशुद्धी, आंघोळ, भीतीने थिजणे, जे असेल ते.